बावीसचा परवाना

बेलार्मिना : ओनोफ्रे! सान इसिद्रोची तसबीर लावायला सकाळपासून गिट्ट्या शोधतेय मी. भिंतीत स्क्रू पिळताना घालतात त्या, पिवळ्या. पाकीटभर आणल्या होत्या. गेल्या कुठं?

ओनोफ्रे : आहेत की. बावीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये.

बेलार्मिना : सगळ्या?

ओनोफ्रे : आठ घरं, आठ गिट्ट्या. काल ताटं पुसता पुसता सराव म्हणून तूच चाप ओढत बसली होतीस ना? बावीसच्या गोळीवर घोडा कडेला आपटतो, मधोमध नाही. घर रिकामं असलं की त्याची कड चेपते आणि बंदूक कामातून जाते. म्हणून गिट्टी घालायची. अख्खं गाव हेच करतं.

बेलार्मिना : आणि माझा संत बसला जमिनीवर!

ओनोफ्रे : शेतकऱ्यांचा संत तो. त्याला सवय आहे. चल आता, ओढ्यात डबे मांडून आलोय. शनिवारच्या परीक्षेला चारच दिवस राहिलेत.

बेलार्मिना : आले, आले. पण एक सांग. मला परवाना हवा अडतीस बाळगायचा, शनिवारी नेम मारायचा अडतीसनं, आणि महिनाभर तू माझ्या हातात देतोस ही बावीस. पोहायला शिकवतो म्हणून परातीत बसवलंयस मला.

ओनोफ्रे : जुळ्या बहिणी आहेत त्या, बाई. बांधा तोच, वजन तेच, जाकिटाआडून काढायची तऱ्हा तीच. चाप तर उलट हिचाच जड. फरक काय तो आवाजाचा आणि धक्क्याचा. पहिल्या दिवशी तू अडतीस उडवलीस, ती डोळे मिटून, 'आई गं' म्हणत. आधी ते दचकणं घालवायचं, मग बाकीचं.

बेलार्मिना : आणि बावीसच्या गोळ्या स्वस्त पडतात, ते नाही सांगितलंस.

ओनोफ्रे : तेही आहेच. मफ लाव कानाला आणि तिकडं तोंड कर, मी भरतो. आठात तीन रिकाम्या पुंगळ्या घातल्यात. कुठल्या घरात, ते तुला कळणार नाही. रिकामीवर घोडा पडला आणि नळी खाली झुकली, तर समजायचं की हात आवाज व्हायच्या आधीच घाबरला. मार.

बेलार्मिना : वाजली. ही पण वाजली. ही... टक् झालं नुसतं. हलली का रे नळी?

ओनोफ्रे : थांबू नकोस. सगळ्या मार, मग सांगतो.

बेलार्मिना : घे, झाल्या आठ. आता बोल.

ओनोफ्रे : शाबास गं म्हातारे! नळीवर अंडं ठेवलं असतं तरी पडलं नसतं.

बेलार्मिना : खरंच? नाही तर उगाच गोड बोलशील, पोसोलेच्या रश्श्यात मटण जास्त पडावं म्हणून.

ओनोफ्रे : बंदुकीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही.

बेलार्मिना : बरं. मग आता तुझी पाळी. आण ती अडतीस, मी भरते.

ओनोफ्रे : मला कशाला? तीस वर्षं बाळगतोय मी. निम्म्या तालुक्याला मी शिकवलंय. शनिवारी परीक्षा घेणार आहे ना तो प्रुदेन्सियो, त्याला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा याच ओढ्यात मी त्याच्याकडून डबे पाडून घेतलेत.

बेलार्मिना : दर दोन वर्षांनी तुझीही परीक्षा असते, आणि तीही शनिवारीच आहे. मास्तरांनीसुद्धा गृहपाठ करावा. कर तिकडं तोंड.

ओनोफ्रे : काय पण हट्ट तुझा!

बेलार्मिना : घे. पाचही घरं भरलीत. डावीकडचा टोमॅटोचा डबा.

ओनोफ्रे : हं... लागला?

बेलार्मिना : खाली मातीत गेली.

ओनोफ्रे : वारा आहे.

बेलार्मिना : पान हलत नाहीये, म्हाताऱ्या. दुसरी मार.

ओनोफ्रे : ही घे.

बेलार्मिना : ही रिकामी होती.

ओनोफ्रे : कळलं मला.

बेलार्मिना : नळी वीतभर खाली गेली.

ओनोफ्रे : पाय घसरला. गोटे किती आहेत इथं, बघ.

बेलार्मिना : मग नीट उभा राहा आणि तिसरी मार.

ओनोफ्रे : नको.

बेलार्मिना : ओनोफ्रे.

ओनोफ्रे : नको म्हटलं ना! बघितलंस ते पुरे नाही झालं? कडब्याच्या गंजीवरून पडलो त्या दिवसापासून असं होतंय. धक्का बसला की मनगटातून कोपरापर्यंत कळ जाते. आता तर कळ यायच्या आधीच हात झुकतो. डोळा शाबूत आहे, बोट शाबूत आहे. मनगटानंच दगा दिला.

बेलार्मिना : मला माहीत होतं.

ओनोफ्रे : कधीपासून?

बेलार्मिना : गेल्या हिवाळ्यात पेट्रोल पंपावर ते दोघं अनोळखी गाडीच्या तुझ्या खिडकीशी आले, तेव्हापासून. एक फिरून माझ्या बाजूला आला, आठवतं? तुझा हात जाकिटाआड गेला. मी त्या माणसांकडं बघतच नव्हते, तुझ्या हाताकडं बघत होते. ते आपणहून निघून गेले म्हणून बरं. तू काढली असतीस, तर मध्ये मी बसले होते.

ओनोफ्रे : माहीत आहे.

बेलार्मिना : मग बोलला का नाहीस?

ओनोफ्रे : काय बोलू? की तुला सांभाळायला बंदूक बाळगतो आणि सगळ्यात जास्त भीती वाटते ती तुलाच गोळी लागेल याची? लाज वाटते गं.

बेलार्मिना : लाज कसली त्यात? हाड मोडलं होतं तुझं. शनिवारी बावीसनं परीक्षा दे.

ओनोफ्रे : म्हणजे परवान्यावर बावीस छापतील! ज्या बोअरनं पास व्हाल तोच लिहितात, त्याहून मोठी बाळगायची नाही. पेंडीच्या दुकानात सगळे दात काढतील. म्हणतील, ओनोफ्रे निघाला चिमण्या मारायला.

बेलार्मिना : काढू देत दात. अडतीसची गोळी मातीत गेली तर माती मरते. बावीसची तू म्हणशील तिथं लागते. आणि अडतीस आजपासून माझी.

ओनोफ्रे : तुझी?

बेलार्मिना : मग एवढा महिना कशासाठी घोकून घेतलंस? घाल खऱ्या पाच गोळ्या.

ओनोफ्रे : दचकशील.

बेलार्मिना : दचकले तर पुन्हा बावीस. दे इकडं.

ओनोफ्रे : पाय फाकव जरा. खांदे सैल सोड. हं, मार.

बेलार्मिना : मारते.

ओनोफ्रे : अगं! उडाला की डबा! आणखी एक... तोही गेला! बेलार्मिना!

बेलार्मिना : डोळे उघडे होते माझे! डबा उडताना बघितला मी!

ओनोफ्रे : फार बरं वाटलं बघ. अगदी मनापासून सांगतो. थोडा जळतोयही.

बेलार्मिना : जळ खुशाल. पण आधी डबे गोळा कर. चुलीवरचं पोसोले खाली लागेल, मी पुढं जाते.

(शनिवार. नेमबाजीच्या मैदानावर, प्रुदेन्सियोच्या टेबलापाशी.)

प्रुदेन्सियो : काकू, पंचविसात वीस. अठरा लागतात, म्हणजे तुम्ही पास. बोअर अडतीस. इथं सही करा.

बेलार्मिना : वीस? मला एकोणीसच मोजता आले.

प्रुदेन्सियो : एक रेषेवर होती. रेषेला लागली तरी धरतात. आता काका तुम्ही. पंचविसात पंचवीस! आज दिवसभरात कुणाला जमलं नाही.

ओनोफ्रे : हं.

प्रुदेन्सियो : पण काका, तुम्ही बावीसनं मारल्यात सगळ्या. मला वाटलं, हात मोकळा करायला आणलीय. तुमची अडतीस कुठाय?

ओनोफ्रे : तुझ्या काकूच्या पट्ट्याला.

प्रुदेन्सियो : असं... जरा इकडं या. हे बघा, जुन्या परवान्यावर तुमचा अडतीस आहे. मी तोच पुढं लिहितो. तुम्ही शिकवलंत मला, तुमचा हात मला ठाऊक नाही का? कोण विचारणार आहे?

ओनोफ्रे : तुला शिकवताना मी कधी न लागलेली गोळी धरली होती?

प्रुदेन्सियो : कधीच नाही. एकदा तर रडवलंही होतंत मला. पण काका, निकाल मला मोठ्यानं वाचावा लागतो, बोअरसकट. रांगेत सगळे तुमचेच चेले उभे आहेत.

ओनोफ्रे : दिसतायत मला.

बेलार्मिना : वाच रे बाबा. आणि पंचविसात पंचवीस हे आधी वाच.

प्रुदेन्सियो : काका, शेवटचं विचारतो. काय लिहू?

ओनोफ्रे : बावीस लिही. अडतीस हिच्या फॉर्मवर आहेच, आणि आम्ही दोघं कुठंही जातो ते एकाच गाडीनं.