तीनशे पंधराचं गिऱ्हाईक

आणि वर मलाच विचारतात, सुखदेवराव, तुमची बंदूक तर ठणठणीत आहे, मग अडचण काय? अहो, बंदुकीला काय धाड भरलीय, तिच्यात घालायचं काडतूस मिळत नाही त्याचं बोला! तुम्हाला सांगतो, गनमॅनची नोकरी म्हणजे बंदूक आपली, परवाना आपला, काडतुसं आपली, पगार तेवढा एजन्सीचा. बावीस वर्षं शनिवार पेठेत सराफाच्या दारात उभा आहे मी, तीनशे पंधरा बोअरची, म्हणजे नळीच्या त्या मापाची रायफल घेऊन. आता एजन्सीचं पत्र आलंय, जुनी काडतुसं चालणार नाहीत, तीस तारखेच्या आत नवी दाखवा, नाहीतर घरी बसा. आणि दुकानदार म्हणतो, ‘तीनशे पंधरा विसरा काका, कंपन्या दुसरा बोअर काढतायत.’ आता हे ठरवतं कोण?

म्हटलं, जाऊन विचारावं. लोणी काळभोरच्या पुढे रायफली बनवणारी एक खासगी कंपनी आहे, तिने नेमकी गिऱ्हाइकांची बैठक ठेवलेली. इस्त्रीचा गणवेश चढवून वारज्याहून दोन बस बदलत गेलो. एसी काय, बिस्किटं काय, भिंतीवर आलेख काय... तनुजा मॅडम म्हणून एक पोरगी, तोंडभर हसून म्हणते, ‘काका, तुमच्या फीडबॅकवरच आम्ही बोअर फायनल करतो.’ म्हणजे ठरवतं कोण, तर मीच की!

मग विचारलं, वर्षाला किती राउंड झाडता? मी छाती काढून सांगितलं, एकही नाही. बावीस वर्षांत एकही नाही. अहो, माझी बायको प्रेमला सकाळी पंचशील म्हणते, पहिलंच शील जीवहिंसा न करण्याचं, आणि मगच रायफल माझ्या हातात देते, तिला केवढा अभिमान आहे याचा. वाटलं, टाळ्या पडतील. मॅडमनी कागदावर शून्य लिहिलं आणि पुढच्याकडे वळल्या.

तिथले इंजिनिअर एजाजभाई, भला माणूस, त्यांनी बाजूला घेऊन समजावलं. ‘सुखदेवराव, कंपनी आधी बघते कुठलं काडतूस खपतं, त्यावरून रायफलीचा बोअर ठरतो. परदेशातले शिकारी एका हंगामात शेकड्यांनी झाडतात, म्हणून त्यांचा बोअर निघतो. तुम्ही लोक एकदा सहा काडतुसं घेता ती जन्मभर पुसून ठेवता. कोण कशाला बनवेल?’

म्हटलं, मग मी दुसऱ्या बोअरची घेतो. तर म्हणे, परवान्यावर बोअर बदलून घ्यायला दोन वर्षं तरी धरा. माझ्या हातात अकरा दिवस! परतीच्या बसमध्ये तेच बोटांवर मोजत आलो. चोपन्नाव्या वर्षी बिनबंदुकीचा गनमॅन कोण ठेवणार?

घरी आलो तर प्रेमला दारातच. ‘कळलं का हो, कुणी ठरवलं बंद करायचं?’ काय सांगू तिला? वर्षाकाठी दोन-चार माणसं आडवी केली असती तर नोकरी टिकली असती, ती मी केली नाहीत.

म्हटलं, मीच ठरवलं गं. वाढ जेवायला.