पोळ्याच्या दिवशी मोटार

...नाही नाही, पह्यले माहं ऐका अन् मंगच मोटारीचं नाव काढा! तुमच्यापैकी कोणाच्या मनात मोटार घ्याचं असन नं, तं हात जोडतो, पाया पडतो, दुसरी विहीर खोदा, दुसरं लगन करा, पण मोटार घेऊ नका! आग लागो त्या मोटारीले! आता तुम्ही म्हणसान, उकंडराव, दिवस उगवत नाही तं असं अभद्र काऊन बोलून राह्यले? अहो, आग लागो म्हणतो, पण आग बी लागत नाही तिले! लागली असती तं चालू नसती का झाली? हँडल फिरवू फिरवू माहा हा उजवा हात डाव्यापेक्षा चार बोटं लांब झाला... हा पाहा, पाहा... सदऱ्याची बाही पुरत नाही!

घेतली कायले म्हणता? हौस! दुसरं काय? खामगावचे एक वकीलसाहेब कायमचे नागपूरले राह्याले चालले होते, मले म्हणे, "अहो उकंडराव, आमची गाडी म्हणजे घरातलं माणूस हो! आवाजसुद्धा करायची नाही!" तुमाले सांगतो, खरं बोलला तो माणूस. आवाज करतच नाही. उभीच असते! अन् इकडं माह्या चुलत भावानं, हिंमतरावनं, त्याच साली तबकडीचा बाजा आणलता. रोज संध्याकाळी सारं गाव त्याच्या ओट्यावर, अन् माह्या ओट्यावर म्या अन् कुत्रं. म्हटलं, थांब हिंमतराव, तुह्या बाज्याचा असा बाजा वाजवतो नं!

तं मोटार गावात आली. कशी आली? माह्याच दोन बैलायच्या मागं बांधून आली! पार पूर्णेच्या पुलापाशी बंद पडलती. वेशीत लोकं उभे, हातात नारळ, बायकायच्या हातात आरत्या, अन् हिंमतराव म्होरं येऊन म्हणते, "दादा, छकडा झकास हाय हो! वरचं टप्पर बी नवीन दिसते!" धरणी पोटात घेईन तं बरं, असं झालं मले.

अन् वास! तुमाले सांगतो, तिच्यात बसाचं म्हणजे नाकाले रुमाल लावून. घासलेट, जळेल रबर, अन् गादीत उंदरायनं दोन पिढ्यायचा संसार मांडेल. जेवण जात नाही माणसाले! तरी म्या बसतो. कागद माह्या नावावर हाय नं! आपल्या वऱ्हाडासारखं झालं पाहा... कागदावर मालक निजाम, अन् हुकूम चालते नागपूरच्या इंग्रजायचा. तसंच आमचं. कागदावर मालक म्या, अन् मर्जी तिची!

डायवर म्हणसान तं आमचा निवृत्ती. दहा वर्षं माह्या घरी सालदार; बैलं हाकाव तं निवृत्तीनं! म्हून त्यालेच मोटारीवर बसवलं. तो तिले बी "हो... हो... हळू बाप्पा" म्हणे. चढ आला का खाली उतरून तिच्या पाठीवर थाप मारे. एकदा तं म्या त्याले पाण्याची बादली घेऊन तिच्या तोंडापुढं शीळ घालताना पाह्यलं! म्हटलं, "काय करून राह्यला बे?" तं म्हणे, "मालक, शिळेबिगर पाणी पेत नाही कोणतंच जनावर." आता याले काय म्हणावं?

पण हे सारं सहन केलं असतं म्या. पोळ्याच्या दिवशी जे झालं नं... थांबा, पह्यले पोळ्याचं सांगतो, नाहीतं तुमाले समजणार नाही. आमचं मोहटाकळी, जळगाव जामोदपासून पाच कोस, सातपुड्याच्या पायथ्याले. पोळ्याले वेशीबाहेरच्या आखरावर, मोकळ्या मैदानात, आंब्याच्या पानायचं तोरण बांधतात, साऱ्या गावचे बैलं तोरणामागं उभे राह्यतात, अन् पह्यले जाते ते मानाची जोडी. ते आमच्या घरची! माह्या आज्यापासून! ते तोरण तोडून गेली म्हणजे पोळा फुटला. पण नेम असा का मानाच्या जोडीवर नवी झूल पाह्यजे, अन् दिवस बुडाच्या आत जोडी तोरणाखाली पाह्यजे. नसली तं मान जाते घराण्याच्या दुसऱ्या पातीले. म्हणजे कोणाच्या? हिंमतरावच्या! अन् एकदा गेला का सात पिढ्या वापस येत नाही. आज्यानं कमावलं, बापानं राखलं, अन् उकंडनं घालवलं, असं लोकायनं म्हणाव? त्यापेक्षा इख खाल्लेलं बरं!

तं झुली होत्या जळगावच्या शिंप्यापाशी. तो शिंपी दर बाजाराले म्हणे, "पाटील, उद्या!" असं उद्या-उद्या करता पोळ्याची सकाळ उजाडली. आता पोळ्याच्या दिवशी बैल जुपाचा नसते, वर्षाचा एकच दिवस त्यायच्या खांद्याले सुट्टी. जाव कसं? म्या म्हटलं, "रुखमाबाई, मोटार काढतो! मोटारीले कुठं पोळा हाय?" आमची रुखमाबाई चुलीवरची पुरणाची पातेली उतरवता उतरवता म्हणे, "पायी जा. पायी गेले तं दोपारपावेतर याल. मोटारीनं गेले तं दसऱ्याले याल!" पण बायकोचं ऐकलं तं तो नवरा कसला? गेलो मोटारीनं.

जाताना नवल झालं! दोनदाच थांबली. झुली घेतल्या... काय झुली त्या! लाल मखमल, बारीक आरसे, कडेले गोंडे. म्हटलं, आता हिंमतरावची जिरली. निघालो वापस. अन् दोन कोसावर नाल्यात, बरोब्बर मधात, पाण्यात... फुस्स! आग लागो त्या मोटारीले!

निवृत्ती उतरला, झाकण उघडलं, अन् आतून वास आला. कायचा? लोण्याचा! कढत्या लोण्याचा अन् जळक्या हळदीचा! म्या नाकाचा रुमाल काढला, पुन्हा हुंगलं. म्हटलं, "निवृत्ती, हे मोटार हाय का कढई?" तं तो खाली मान घालून, अंगठ्यानं पाणी उकरून म्हणते, "मालक, काल खांदेमळणी होती नं..." "मंग?" "मंग साऱ्या बैलायचे खांदे मळले. हळद-लोणी उरलं. म्हटलं हे बी वर्षभर आपल्याच घरी राबते बिचारी... हिचे बी मळले." म्या म्हटलं, "अबे, मोटारीले खांदे कुठं असतात?" तं म्हणे, "तेच समजलं नाही न मालक! म्हून हात पुरला तिथं तिथं मळलं."

हात पुरला तिथं तिथं! तारायले लोणी, चक्रायले लोणी, चाकाच्या आतून ज्या बिरेकच्या पट्ट्या असतात त्यायले मूठ मूठ लोणी! तुमाले सांगतो, रडाव का हसाव समजेना. राग तं असा आला का त्याले तिथंच नाल्यात बुडवाव, पण मंग मोटार ढकलाले दुसरं कोण होतं?

बाजूले एक उत्तमराव म्हणून शेतकरी आपली जोडी धूत होता. काय जोडी! साच्यात ओतल्यासारखी शिंगं! म्या म्हटलं, "भाऊ, घडीभर जोडी द्या, एवढा नाला पार करून द्या." तो असा पाहून राह्यला, जसं म्या त्याची लेक मांगतली. "आज? पोळ्याच्या दिवशी? अहो पाटील, आज त्यायच्या खांद्यावर म्या माशी बसू देत नाही, अन् तुम्ही जू ठेवता?" पण माणूस चांगला. जोडी झाडाले बांधली अन् सोता आला ढकलाले. तिघं जणं, मांडीभर चिखलाचा गारा, धोतरं खांद्यावर, अन् ढकलतो... ढकलतो... चाकं फिरतात अन् सारा गारा माह्या तोंडावर! डोळ्यात गारा, मिशीत गारा, तोंड उघडलं तं तोंडात गारा! थू! अजून चव येते. अन् झाडाखाली ते बैलं रवंथ करून राह्यले, आमच्याइकडं पाहून.

चालू झाली एकदाची. पण आता नवंच! पह्यले चालत नव्हती, आता थांबेना! बिरेकवर दोन्ही पायानं उभा राह्यला निवृत्ती, तरी हे आपली लोण्यावर सरकून राह्यली. "हो... हो... हो माय!" ते कायची ऐकते? एक कोंबडी गेली, एका मारवाड्याच्या पापडाची खाट गेली. चढ लागला म्हून थांबली. कुठं? आमच्या गावावरच्या टेकाडाच्या माथ्यावर!

अन् तिथून खाली पाह्यलं म्या... अरे बाप! दिवस हातभर राह्यलेला. आखरावर तोरण बांधेल. सारे बैलं लायनीत. माही जोडी उघड्या पाठीनं बाजूले उभी, कासरा रुखमाबाईच्या हातात, अन् बिचारी टाचा वर करून सडकेकडं पाहून राह्यलेली. अन् हिंमतरावची जोडी, शिंगायले बेगड, पाठीवर नव्या झुली, एक एक पाऊल म्होरं... म्होरं... तोरणाकडं! माह्या डोळ्यातून पाणी आलं हो. खरंच सांगतो. आज्याचं तोंड दिसलं मले.

म्हटलं, "निवृत्ती, खड्ड्यात गेली मोटार! एक झूल तू घे, एक म्या घेतो, पळ!" पळालो! डोक्यावर झूल, डोळ्यावर गोंडे, पायात वहाण एकच, दुसरी नाल्यात! अर्धा उतार आलो अन् माह्या मनात आलं, "निवृत्ती, चाकाखाली दगड ठेवला नं बे?" तं तो पळता पळता म्हणे, "दगड? तुम्ही म्हणले पळ, म्या पळालो!"

अन् मागून आवाज आला. खड... खड... खडखडखडखड...

येऊन राह्यली! डायवर नाही, मालक नाही, पेटरोल नाही, कशाकशाची म्हणून गरज नाही! वर्षभर हिले आम्ही ढकललं, अन् आज हे आमच्या अंगावर! म्या इकडच्या झुडपात, निवृत्ती तिकडच्या झुडपात, अन् हे मधातून सन्नकन गेली! भोंगा बी आपोआप वाजून राह्यला, पों... पों... जो म्या तीन महिने दाबत होतो अन् वाजत नव्हता! अन् खाली सारं गाव! लेकरं, म्हातारे, बैलं! म्या झुडपातून बोंब मारली, "सरका रे बाप्पाहो! सरका!" खरं सांगतो, त्या घडीले मान-बिन काही आठवलं नाही. म्हटलं, देवा, कोणाले काही होऊ नको देऊ, उद्या हिले सोता विहिरीत लोटतो!

देवानं ऐकलं. लोकं दोन्हीकडं पांगले, बैलं भडकून बाजूले झाले, अन् हे लोण्यात मळेल महामाया हिंमतरावच्या जोडीच्या नाकापुढून, एक हाताच्या फरकानं, तोरणाखाली शिरली, टपाले तोरण अडकलं, कर्रकन तुटलं, अन् तोरणासकट जाऊन बसली कडब्याच्या गंजीत! मंग मागून कोणीतरी वरडलं, "पोळा फुटला रे!" अन् साऱ्या गावचे बैलं उधळले!

मंग जे भांडण! हिंमतराव लाल झाला. "आबा, हे चालणार नाही! मोटार म्हणजे बैल हाय का?" आबा म्हणजे कारभारी आबा, गावात सर्वात म्हातारे, त्यायचा शब्द शेवटचा. आबांनी मोटारीभोवती एक फेरा मारला, बोट लावून हुंगलं, म्हणे, "निवृत्ती, काल हिचे खांदे मळले?" "हाव आबा." "अन् आवतण? आज आवतण घ्या, उद्या जेवाले या, हे म्हटलं का?" "हाव आबा. बैलाले कानात सांगतो तसंच. हिचा कान सापडला नाही म्हून भोंग्यात सांगतलं." आबा म्हणे, "मंग झालं! खांदे मळले, आवतण देलं, अन् दिवस बुडाच्या आत तोरण बी तिनंच तोडलं. नव्या झुलीचा नेम बैलाच्या पाठीले, हिले पाठच नाही. मान उकंडरावच्या घरचाच!"

काय आनंद झाला म्हणता! म्या त्या मोटारीले मिठी मारली, तशीच गाऱ्यात, लोण्यात! रुखमाबाईनं तिले कुंकू लावलं, पुरणपोळी ठेवली. हिंमतराव पाय आपटत घरी गेला. म्हटलं, जिरली!

पण आबांचं बोलणं संपलंच नव्हतं. काठी टेकवून म्हणे, "मान मोटारीनं कमावला. आता दरसाल म्होरं मोटारच राहीन. ज्या पोळ्याले मोटार तोरणाखाली नाही आली, त्या पोळ्याले मान हिंमतरावचा." संपलं! आग लागो त्या मोटारीले, इकता बी येत नाही आता! मलकापूरचा भंगारवाला आलता, तं सारं गाव दारात उभं, "मानाचं जनावर इकता, उकंडराव?"

त्याले आता चार पोळे झाले. त्या दिवसानंतर मोटार एक घडी चालू झाली नाही. गोठ्यात उभी हाय, अन् बैलं बाहेर पावसात. अन् पोळ्याले तिले तोरणापावेतर न्याव कसं? पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत! अन् दुसऱ्या कोणी ओढलं तं चालत नाही, मान घरचा म्हणून माणूस बी घरचंच पाह्यजे, हे हिंमतरावनं आबाकडून पक्कं करून घेतलं. तं त्या दिवशी मोहटाकळीत साऱ्यायच्या खांद्याले सुट्टी असते, एक माहे खांदे सोडून. अन् आदल्या संध्याकाळी रुखमाबाई वाटीत हळद-लोणी घेऊन गोठ्याकडं निघते, बैलायची पाळी नंतर ठेवते, अन् म्हणते, "सदरा काढा... पह्यले तुमचे मळते."