पाच परस पाणी

नव्या जिल्ह्यासाठी रास्ता रोको चालला होता, म्हणून लोह्याच्या स्टँडवर नांदेडची गाडी खोळंबली होती. त्याच गाडीची वाट बघणाऱ्या केवळाबाईच्या शेजारी एक म्हातारा आणि त्याची कॉलेजातली लेक लॅपटॉप उघडून बसले होते.

“सिंधे, काळंच दिसून राहिलं की. बिघडलं का?”

“न्हाई आबा. इथं नुसता हुकूम टाईप करायचा, की जगातले शोधनिबंध हुडकून येतात.”

“मग आपल्या गावाचं नाव टाक की.”

“अकरा निघाले, आबा!”

“अकरा! काय लिव्हलंय?”

“आपलीच विहीर हाय ह्यात. ऐन मार्चात पाच परस, म्हंजे पाच माणसं उभी बुडतील एवढं पाणी. हे मोजलं कुणी?”

“मोजलं न्हाई. ते शोधवाले आले तवा मीच सांगितलं.”

“विहीर तर ठणठणीत कोरडी होती!”

“तुझ्या भावाला बघायला आलेले पावणे ओसरीवरच बसले होते. कोरडी म्हणलो असतो तर पोरगी कुणी दिली असती?”

“बाकीच्या दहांनी तोच आकडा उतरवलाय, आबा. आपल्या टँकरचा अर्ज फेटाळताना सायबानं हाच दाखवला होता.”

“मग खोडून टाक.”

“आता न्हाई खोडता येत.”

म्हाताऱ्यानं लॅपटॉपचं झाकण मिटवलं.

“भावजयीला सांगू नको. दोन घागरी पाण्यासाठी पहाटंच गेली हाय ती.”