टॅकेट काउंटीला काही कमी नाही

नाही, पण मी म्हणते, घरी पाहुणा आला की त्याच्यासमोर रडगाणं गायचं नाही, हे कबूल, आमच्या डोंगरात ते तान्ह्या पोरालासुद्धा कळतं, पण पाहुणी राजधानीतून मुद्दाम विचारायला आलीय, की बाबांनो, तुमच्यात गरीब किती, तर तिला तरी खरं सांगायचं की नाही? नाही सांगायचं! आमच्या पप्पांनी नाही सांगितलं! का? तर म्हणे, आम्हाला काही कमी नाही.

तुम्हाला सांगते, आमच्या पप्पांची छाती कोळशाने भरलीय. खाणीत आयुष्य गेलं, खाण बंद झाली, कोळसा तेवढा आत राहिला. जिना चढले की भिंतीला धरून उभे राहतात, आणि कुणी पाहिलं तर भिंतीचा रंग तपासत असल्यासारखं करतात. त्यांना आधार एकच, दर आठवड्याला चर्चच्या आवारात येणारी दवाखान्याची गाडी. तिथे नर्स त्यांच्या तोंडाला मास्क लावते, औषधाची वाफ देते, मग तेवढे दिवस ते आडवे होऊन झोपू शकतात. आणि ही गाडी राज्यात एकच! जी काउंटी, म्हणजे जिल्हा हो, सगळ्यात गरीब, तिच्याकडे ती गाडी. म्हणजे आमच्या टॅकेटकडे. इतकं सरळ आहे.

तर ती राजधानीची पाहुणी, मिस प्रिचर्ड, येणार म्हणून निरोप आला, आणि आमच्या घरात लग्न निघाल्यासारखी धावपळ! शेजारच्या ओलेटा काकूंनी ख्रिसमससाठी टांगून ठेवलेलं हॅम, डुकराची खारवलेली अख्खी मांडी, आणून दिलं. खालच्या घरातल्या क्लोव्हिस काकांनी आपला ट्रक आमच्या अंगणात आणून लावला, शिवाय पुसलासुद्धा! पप्पा चर्चचा कोट घालून बसले. रोज आम्ही घेवडा आणि मक्याचा पाव खातो हो... त्या दिवशी घेवडा पलंगाखाली!

बाई बिचारी साधी. म्हणाली, "मिस्टर टर्नी, आम्हाला प्रत्येक दारी जाता येत नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी थोडीच घरं निघतात, त्यांच्यावरून सगळ्या काउंटीचा अंदाज काढायचा. तुमचं एक घर म्हणजे समजा, हा अख्खा डोंगर."

झालं! हे सांगायला नको होतं तिने. तिला वाटलं, माणूस जपून खरं बोलेल. पप्पांना काय वाटलं असेल? अख्ख्या डोंगराची अब्रू माझ्या हातात! ताठ बसले. तिने विचारलं, "वर्षाला घरात किती येतं?" पप्पांनी डोळ्याची पापणी न हलवता खाणीच्या मुकादमाचा पगार सांगितला. मुकादम वारून किती वर्षं झाली!

"आणि तब्येत? दम लागतोय तुम्हाला."

"छे! हॅम जरा जास्त झालं."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना? तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार." मी तोंड उघडलं, तर टेबलाखाली पप्पांचा बूट माझ्या पायावर. "लिहा बाई," पप्पा म्हणाले, "आम्हाला काही कमी नाही."

आता ऐका... पुढची चिठ्ठी निघालेली क्लोव्हिस काकांची! बाई पायवाटेने खाली उतरेपर्यंत ट्रक मागच्या रस्त्याने काकांच्या अंगणात, आणि हॅम काकांच्या टेबलावर, कापलेली बाजू भिंतीकडे करून. बाई म्हणाली, "तुमच्या भागात हॅम फार छान मिळतं, नाही?" काका म्हणाले, "लहान पोरं तर कंटाळलीत त्याला!"

मग निकाल आला. आमची गरिबी धाडकन खाली! सगळ्यात गरीब कोण? डोंगरापलीकडची स्प्रॅडलिन काउंटी! अहो, ते लोक दर वर्षी आम्हाला बास्केटबॉलमध्ये लोळवतात. लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवले, ओलेटा काकू नाचल्या, पप्पा म्हणाले, "एकदा तरी हरवलं ग त्यांना, ओपल!" आणि खोकत खोकत हसले...

गाडी त्या आठवड्यात आली नाही. पुढच्या आठवड्यात पप्पांना नर्सचा फोन आला, "आता तुमची काउंटी सुधारली ना, बाबा... मला पलीकडे पाठवलंय." पप्पांनी तिचं अभिनंदन केलं!

आता पप्पा खुर्चीत बसून झोपतात. झोपतात म्हणजे, डोळे मिटतात. बाजूला पडून मी त्यांचा श्वास ऐकते, आत जाताना शिटी, बाहेर येताना शिटी, आणि मध्ये एक थांबा असतो... त्या थांब्यात मी उठून बसते. मी म्हटलं, "पप्पा, स्प्रॅडलिनला जाऊ, गाडी तिथेच आहे, नर्सही तीच आहे." तर म्हणाले, "त्यांच्या दारात उभा राहू? मी?" डॉक्टर म्हणाले होते, वाफ चुकवली तर हिवाळा कठीण आहे. ते मला म्हणाले, पप्पांना नाही. पप्पांना माहीतच आहे.

आमच्या चर्चच्या पास्टरसाहेबांनी खूप खटपट केली. राजधानीतून उत्तर आणवलं, अंदाज चुकला असेल तर घरच्यांनी पुढे येऊन सांगावं, परत मोजू. रविवारी चर्चमध्ये उभे राहून म्हणाले, "फक्त हात वर करायचाय. आपल्यात अडचणीत कोण आहे?"

तुम्हाला सांगते, सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले! मग क्लोव्हिस काका खाकरले, "माझं ठीक आहे. व्हर्लिनचं लिहा." पप्पा म्हणाले, "माझं कशाला? ओलेटाच्या छपरातून पाणी येतं." ओलेटा काकू कडाडल्या, "माझं छप्पर काढू नकोस रे! आधी क्लोव्हिसच्या चुलीत बघ!" प्रत्येक जण दुसऱ्यासाठी उभा, स्वतःसाठी कुणी नाही! मी हात वर केला. केला हो! पप्पांनी तो हळूच खाली घेतला आणि आपल्या हातात धरून ठेवला. रागावले नाहीत. त्यांचा हात इतका हलका झालाय, की मला माझा परत वर करवलाच नाही.

पास्टरसाहेबांनी राजधानीचं उत्तर घडी करून खिशात ठेवलं. मग रिवाजाप्रमाणे डबाबंद खाण्याची दानपेटी फिरवली, शेजारच्या काउंटीतल्या गरिबांसाठी. हो, स्प्रॅडलिनसाठी! पप्पांनी आमच्या फळीवरचा पीचचा शेवटचा डबा त्यात ठेवला, दम घ्यायला माझ्या खांद्यावर टेकले आणि म्हणाले,

"द्यावं ग, ओपल. बिचाऱ्यांकडे आहे काय? दवाखान्याची गाडी सोडली तर काहीच नाही."