न बांधलेली बावीस घरं

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळाचेही अध्यक्ष श्री. हृषिकेश करंदीकर, प्रमुख पाहुण्या डॉ. निहारिका साने, व्यासपीठावरील पदाधिकारी, आणि शनिवारची दुपार मोडून या कम्युनिटी हॉलमध्ये जमलेल्या माझ्या मंडळींनो,

गेला अर्धा तास आपण माझ्याविषयी इतकं चांगलं बोललात, की मान वर करायची सोय राहिली नाही. आता पाच मिनिटं मला द्या. चहा गार होणार नाही, चारुतानं अजून चहाच्या पाण्याचा अर्न लावलेला नाही.

सात वर्षं मी इथल्या कौन्सिलमध्ये प्लॅनर होते. मेलबर्नपासून तीन तासांवरच्या या गावातली माणसं वीस वर्षांनी कुठे राहतील, याचा आज विचार करणं हे माझं काम. मी आले तेव्हा दर चौथा माणूस पासष्टीच्या पुढचा होता. आणि नवी घरं? सगळी चार बेडरूमची, गावाबाहेर. दूध आणायचं तरी गाडी काढा.

दीनानाथकाका आणि रेखाकाकू अशाच एका घरात राहायचे. काका मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. याच हॉलमध्ये आपल्या मुलांना त्यांनी ब्रश धरायला शिकवलं. मुलगा मिहिर गॅस कंपनीतल्या नोकरीसाठी डार्विनला गेला. तिथला उकाडा काकांना सोसेना, म्हणून दोघं इथेच राहिले. मग काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा पाय गेला, त्याबरोबर लायसन्सही. काकूंना गाडी येत नव्हती. हिरवळीच्या मधोमध दोन माणसं अडकून पडली.

त्यांच्यासारख्यांसाठी मी बावीस घरांचा प्लॅन केला. हॉस्पिटलशेजारच्या जुन्या बोलिंग क्लबच्या जागेवर छोटी, एकमजली घरं. दारात पायरी नाही, केमिस्ट आणि लायब्ररी चालत चार मिनिटांवर, आणि मदतीला दिवसरात्र एक नर्स. नवराबायकोनं एकत्र म्हातारं व्हावं, एवढीच कल्पना.

प्लॅन लोकांसमोर ठेवला. एकसष्ट हरकती आल्या. त्यांतल्या नऊ पत्रांवर मराठी आडनावं होती. एका पत्रावर अध्यक्षांची सही होती.

हृषिकेश, मी तुला तेव्हा फोन केला होता. आठवतं?

तू म्हणालास, “अगं, पर्सनल काही नाही. पण आमच्या घरासमोर सारखी ॲम्ब्युलन्स उभी राहिली तर रिसेलचं काय?”

मी विचारलं, “तुझे आईबाबा पुढच्या वर्षी येतायत ना?”

“ते आमच्याबरोबर राहतील. खाली बेडरूम आहे. नो वरीज.”

थांबा, सगळ्यांनी त्याच्याकडे बघू नका. अजून माझी पाळी यायची आहे.

माझ्या रिपोर्टात शेवटचं वाक्य होतं, ‘मंजुरीची शिफारस’. डिरेक्टरनं बोलावलं आणि सांगितलं, “ऑक्टोबरमध्ये इलेक्शन आहे, जरा सॉफ्ट कर.” मी जागेवर आले आणि ‘मंजुरी’ खोडून ‘पुढे ढकलावे’ असं लिहिलं. कोणी माझा हात धरला नव्हता. मला नोकरी हवी होती, बढतीही. अठरा महिन्यांनी ती जागा विकली गेली. आज तिथे चार बेडरूमची घरं आहेत.

जागा विकली गेली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात काका बाथरूममध्ये पडले. आता त्यांना कायम देखभाल लागणार होती. जवळात जवळचा रिकामा बेड मिळाला एकशे सत्तर किलोमीटरवर. तोही एकट्याचा. बेचाळीस वर्षांच्या संसारात काकू पहिल्यांदा वेगळ्या राहिल्या. बस मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी सातला निघायच्या आणि दीड तास काकांजवळ बसून परत फिरायच्या.

एकदा मी त्यांना स्टॉपवर सोडायला गेले. त्या म्हणाल्या, “सुखदा, तुझ्या त्या नकाशात आमचं घर कुठलं होतं गं?”

माझ्या फोनमध्ये नकाशा होता. मी दाखवलं, “सात नंबर, काकू. कोपऱ्यातलं.”

त्यांनी चष्मा लावून निरखून पाहिलं. “ओट्यासमोर खिडकी आहे,” म्हणाल्या. “बरं होतं.”

बस आली.

काका रविवारी पहाटे गेले. रविवारी बस नसते. काकूंना नर्सनं फोनवर सांगितलं. अंत्यसंस्काराला आपण सगळे गेलो, अकरा गाड्या भरून. एकशे सत्तर किलोमीटर त्या दिवशी कोणालाच लांब वाटलं नाही. त्याआधीच्या सात महिन्यांत काकूंना कितीजणांनी तिथे नेलं? मी दोनदा नेलं. बाकीच्यांचा आकडा ज्याचा त्याला ठाऊक.

काकू आता डार्विनला मिहिरकडे असतात. मी त्यांना आजच्या आमंत्रणाचा फोन केला होता. “तुम्ही सगळे बरे आहात ना?” एवढंच विचारलं त्यांनी.

हे सन्मानपत्र आपण प्रेमानं दिलंत. त्यात एक ओळ आहे, ‘ज्येष्ठ नागरिकांच्या घरांसाठी भरीव कार्य’. एकही घर उभं राहिलेलं नाही. अध्यक्षमहोदय, आपल्या खिशाला पेन आहे. ती ओळ आपण खोडा, शेजारी मी सही करते. मग मी हे घरी नेईन.

आपण सात वर्षं मला घरचं मानलंत, डबे दिलेत, माझ्या बाळंतपणात रात्री जागलात. त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना आवाज चढला असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्या. जे सांगितलं ते मात्र मी परत घेत नाही.

नमस्कार.