एका तर्रीला एक गोळी

हॅलो?… हळू बोला, अण्णा. फोन पिठाच्या डब्यावर होता, थरथरून झाकणच खाली पडलं… नाही, तेजू उठली नाही. कूस बदलली फक्त. बोला.

…कोणत्या हिरव्या गोळ्या?… संपल्या म्हणजे? तुमच्याकडे आल्या कुठून?… दिवाळीला आलात तेव्हा, आमच्या आरशामागच्या कपाटातून. अहो, त्या मी टाचणीने फोडून चेहऱ्याला लावते. कोरफडीच्या गरात कालवून… हो, बाहेरून.

…हसत नाहीये मी. रोज गिळता?… मिसळ खाल्ली की. म्हणजे रोजच. एका वाटी तर्रीला एक गोळी, वर आणखी तर्री मागितली की आणखी एक. हा हिशोब कोणी घालून दिला?

…हो, हो, पाहिला तुमचा व्हिडिओ. तेलकट खाल्लं की रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटायला लागतात, या गोळ्यांतल्या ई जीवनसत्त्वाने सुट्या राहतात. असेलही खरं… अहो, ऐका ना. त्या चिकटू नयेत म्हणूनच तर स्टेंट बसवल्यापासून तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यात ही भर कशाला?

…कोण हाक मारतंय तुम्हाला?… तुम्ही आहात कुठे, अण्णा?… दाताच्या डॉक्टरांकडे. आणि दाढ आजच काढणार. आत्ता.

…सकाळी दाढी केलीत?… कापलं? अजून थांबलं नाही?… पेपरचा कपटा लावलाय. आणि तोही बदललात.

अण्णा, त्या खुर्चीत बसू नका… दाढ काढल्यावर रक्त थांबवायचं काम त्या प्लेटलेट्सचंच असतं. चिकटू द्या की बिचाऱ्यांना जरा… फोन डॉक्टरांना द्या… लाज कसली त्यात? लेकीची चेहऱ्याला लावायची वस्तू खाल्ली, असं नाही सांगत मी. द्या.

…नमस्कार, डॉक्टर. मी प्रतिभा, अण्णांची मुलगी. स्टेंटच्या गोळीचं त्यांनी सांगितलं असेलच… तेही नाही? शिवाय ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाल्ल्यात, दिवाळीपासून. मिसळीबरोबर… हो, मिसळीबरोबर. हसलात तरी चालेल… बरं. हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच पुढची तारीख. फार उपकार झाले.

…हं, अण्णा. ठणकतंय, माहितीये मला. तरी थांबायचं. हिरव्या गोळ्या बंद. स्टेंटची मात्र आपल्या मनाने सोडायची नाही… नाही, मी नवीन पाकीट आणणार नाही. आणि आमच्या घरी आलात की आरशाच्या कपाटाला कुलूप.

…तर्रीसुद्धा कमी… असं काय बोलता? हो, आई जन्मभर फिकं खायची. तिच्या वाटीतली तर्री तुम्हीच ओतून घ्यायचात. आठवतंय मला सगळं.

…आई गेल्यापासून भीती वाटते, मग मला फोन करायचा ना. असं चोरून गोळ्या खात बसायचं का?… रात्री वाटली तर रात्री करा. उचलीन मी… नाक ओढू नका, तिथे लोक असतील.

…थांबा हं. तेजू उठलीये. दारातच उभी आहे, कधीपासून कोण जाणे… काय गं, माझ्या राणी?… काय?

…अण्णा, फोन ठेवू नका. ती विचारतेय, आजी तर तर्री खातच नव्हती, मग ती आधी का गेली.