परसातली खोप

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं की अंगणात पाय ठेवला तर चटका बसायचा, आणि वारं म्हणाल तर पानही हालंना. त्या उन्हापेक्षा माझं डोकं जास्त तापलं, ते अजून निवलेलं न्हाई.

लेकीचं लग्न झाल्यावर व्याही पहिल्यांदाच आमच्या गावी, अणशीला येणार होते. बेळगावचा माणूस, काजूची ताजी हुर्राक प्यायची म्हणून निरोप धाडलेला. दारूबंदीचे दिवस, ओसरीवर कसं बसणार? म्हणून परसात फणसाआड बांबूची खोप उभी केली. बसायला ओंडके, प्यायला घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या. छपराला मात्र रानचं गवत मिळेना, सगळं वणव्यात गेलेलं.

शेजारचा नागोजी म्हणाला, "मामा, माझं भाताचं पिंजर घ्या की. गारवा धरतंय."

"जनावरं ओढतील रे."

"माझ्या म्हशी दावणीला असतात. तुम्ही निवांत ऱ्हावा."

पिंजर छपरावर पसरलं आणि व्याह्यांना आणायला मी वाटेवर गेलो. परत येऊन मोठ्या रुबाबात त्यांना परसात नेलं, तर नुसते बांबू उभे, आणि नागोजीच्या दोन म्हशी खाली बसून रवंथ करतायत! व्याही वर आभाळाकडं बघत म्हणाले, "सावलीत बसू म्हणाला होता न्हवं तुम्ही?"

जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी कुंपणावरून ओरडलो, "नागोजी, तुझ्या म्हशींनी माझं छप्पर खाल्लं! पाहुण्यासमोर अब्रू गेली माझी!"

तो सावकाश आला, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुमचं काय खाल्लं, मामा? बांबू तर सगळे हायत. पिंजर माझंच न्हवं?"